मौनीबुवाचा हॉर्न

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला आम्ही मौनीबुवा म्हणतो. तोंडावर नाही, मागून. तोंडावर म्हटलं असतं तरी तो काही बोलला नसता, ही गोष्ट वेगळी.

आमची गाडी म्हणजे विरंगुळा केंद्राची गाडी. सकाळी घराघरांतून नऊ म्हातारी माणसं गोळा करायची, केंद्रात सोडायची आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत करायचं. अठरा वर्षं तो हे करतोय. चढताना प्रत्येकाला हात देणार, पायरीवर पाय नीट पडला का ते बघणार आणि मग दार इतक्या हलक्या हातानं लावणार की आत डुलकी लागलेल्याला पत्ता लागू नये. बोलणं म्हणाल तर सकाळी "या" आणि संध्याकाळी "उतरा". मधे काही विचारलंत तर मान हलवतो. तीसुद्धा काटकसरीनं.

हॉर्नचंही तेच. रस्त्याच्या मधोमध दोन बायका गप्पा मारत उभ्या असल्या, तर दुसरा कुणी ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून बसेल. हा गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो. बोलत काही नाही, नुसता उभा. त्या बिचाऱ्या ओशाळून बाजूला होतात, हा परत येतो, गाडी सुरू. एकदा चांगली चार मिनिटं उभा होता. परत आल्यावर मी करवादले, "अरे, काय चाललं होतं इतका वेळ?" तर म्हणतो कसा, "सासूचं ऑपरेशन आहे." म्हणजे हा तिथं उभा राहून सगळं ऐकत होता!

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सगळं जग मला बाई म्हणतं, माझी सूनसुद्धा. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना कष्ट नकोत. गाडीत मी शेवटच्या सीटवर खिडकीशी बसते, कारण तिथं कुणी दुखण्यांच्या गोष्टी सांगायला येत नाही. आहेच मी मूठभर. शाल ओढून डोळे मिटले की समोरून बघणाऱ्याला वाटतं, कुणाचं तरी गाठोडं राहिलंय.

तर एक दिवस ते गाठोडं खरंच राहिलं.

जाग आली तेव्हा गाडी केंद्राच्या मागच्या गॅरेजमध्ये उभी होती. इंजिन गार, माणूस एक नाही. सीटांच्या फटीतून अंग चोरून पुढे आले, ड्रायव्हरचं दार उघडून उतरले, तर गॅरेजचं शटर बाहेरून बंद. हातानं बडवलं. माझ्या हातात जोर तो किती! फोन घरी विसरलेला. मग डोकं चाललं. गाडीत चढले आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. हूं की चूं नाही! अठरा वर्षं ज्याला कुणी बोट लावलं नाही, तो हॉर्न कधीचा मरून पडला होता आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. हॉर्नला, गाडीला, ड्रायव्हरला, सगळ्यांना शिव्या घालत मी तिथं एक तास चाळीस मिनिटं बसले. शेवटी सुनेनं केंद्रातून त्याचा नंबर मिळवला आणि तो धावत आला. शटर वर गेलं. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "बाई."

एवढंच. बाकीचं सगळं मी बोलले. अर्धा तास बोलले.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या समितीला तक्रारअर्ज दिला. दोन पानी. 'बेजबाबदार' हा शब्द तीन वेळा आणि तिन्ही वेळा खाली रेघ. शुद्धलेखनाची एक चूक सापडणार नाही. पण एक गोष्ट त्या दोन पानांत नव्हती. ती अशी.

मी अडकले त्या दिवशी सकाळी चढताना मी त्याला सांगितलं होतं, "आज संध्याकाळी मला धरू नकोस. सून येऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे." त्यानं मान हलवली. दुपारी सुनेचा केंद्रात फोन आला की डॉक्टर आज बसणार नाहीत, नेहमीसारख्या गाडीनं या. त्याच दुपारी मी पत्त्यांत सलग चार डाव हरले होते, तेही भिडूच्या मूर्खपणामुळे. अशी तणतणत निघाले की सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले आणि डोक्यावरून शाल घेतली. तो तेव्हा पलीकडे चाकात हवा भरत होता. मग त्यानं एकेकाला हात देऊन चढवलं. मोजले आठ. आठच असायला हवे होते. आठ जणांना आठ घरी उतरवलं. हिशेब चोख! म्हटलं तर त्याची चूक एवढीच की शेवटी मागं वळून बघितलं नाही. आणि माझी? माझी मी लिहिलीच नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लिहिताना आठवत नव्हतं असं सांगून मला सुटता येईल. पण आठवत होतं. पेन त्या जागी आलं, थांबलं आणि पुढे गेलं.

अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की महिनाभर गाडी चालू दे, पण महिन्याच्या शेवटी बैठकीत निकाल लागेल. बाहेरची एक नवी सेवा तयारच आहे, गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा. ह्याची अठरा वर्षांची नोकरी एका सहीवर आली. त्याला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?" त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

सकाळी हे झालं आणि दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा. मी पत्ते पिसत होते, हातातले दोन गळून पडले. म्हटलं, आता हा बोलणार.

"बाई," तो म्हणाला, "गाडीला हॉर्न बसवायचाय."

"बसव की. मेलेला काढ, नवा लाव. मला काय विचारतोस?"

"तसा नाही. मी मागं बघायला विसरलो तर वाजणारा." त्यानं पडलेले दोन पत्ते उचलून दिले. "तुम्ही विज्ञानाच्या ना?"

आता सांगते, गुन्हेगाराकडे मदत मागितली की तो नाही कसा म्हणणार! मी ताडकन उठले. "त्यात काय मोठंसं!" म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकतीस वर्षं मी फळ्यावर सर्किटं काढली होती. बॅटरी, बटण, दिवा. माझा दिवा दर वर्षी लागायचा, कारण खडूनं काढलेला दिवा न लागायला काय झालंय? खऱ्या तारेला मी जन्मात हात लावला नव्हता. त्याला तारांची माहिती होती, पण कुठली तार का जाते ते ठाऊक नव्हतं. आंधळ्या-लंगड्याची जोडी जमली.

त्याचं घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्याच्या बायकोचं शिवणयंत्र. ती दिवसभर शिवते आणि दिवसभर बोलते. "घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे बाई," म्हणाली, "ह्यांना मी लग्नात शब्द दिला तो अजून परत आलेला नाही." आम्हाला तिनं कापड कापायच्या टेबलाचा अर्धा भाग दिला आणि खडूनं मधोमध रेघ मारली. "ह्याच्या पलीकडे तुमची वितळलेली कथिलं आली तर दोघांनाही बाहेर काढीन."

दुपारी गाडीला काम नसतं. पत्त्यांना सोडचिठ्ठी देऊन मी रोज तिथं जायला लागले. पहिल्या दिवशी त्याला समजावलं.

"हे बघ, हा कपॅसिटर. म्हणजे बादली. हा रेझिस्टर. म्हणजे बारीक सोडलेला नळ. तू किल्ली फिरवून इंजिन बंद केलंस की नळ सुटतो. बादली भरत जाते. भरली की हा ट्रान्झिस्टर जागा होतो. हा पहारेकरी. तो ह्या रिलेला ढोसतो, रिले खटका ओढतो आणि हॉर्न बोंबलतो. कळलं?"

मान हलली.

"आणि शेवटच्या सीटशेजारी एक बटण. ते दाबलं की नळ बंद, बादली पालथी. हॉर्न गप्प. पण ते दाबायला तुला चालत मागं जावं लागणार. म्हणजे जाता जाता प्रत्येक सीट दिसणार. गाठोडं असलं तर तेही दिसणार."

"किती वेळ मिळेल?" त्यानं विचारलं. शिकवायच्या एकतीस वर्षांत इतका कामाचा पहिला प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल.

आम्ही गाडीत जाऊन घड्याळ लावलं. उतरणं, वळसा घालून बाजूचं सरकतं दार उघडणं, दुखऱ्या गुडघ्यानं चढणं, दोन्हीकडच्या सीटा बघत शेवटपर्यंत जाणं. अडतीस सेकंद. मी कागदावर गणित मांडलं. एक लाख ओहमचा रेझिस्टर आणि चारशे सत्तर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की गुणाकार येतो सत्तेचाळीस सेकंद. चोख! उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या.

सुटे भाग तो घेऊन आला. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून किंमत ओळखायची. मला फळ्यावर ते पाठ होते, पण डोळ्यांसमोर सगळे एकाच चहाच्या रंगाचे दिसायला लागले. डॉक्टरची भेट राहिलीच होती ना! शेवटी शिवणारी उठली, तिनं सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला आणि पट्टे वाचले. "तपकिरी, काळा, पिवळा. आणि हा पिवळा नाही हो, हा केशरी. ह्याचं अस्तर लावलं असतं तर गिऱ्हाईकानं परत केलं असतं." तिच्यावाचून आमचं सर्किट पहिल्याच दिवशी अडलं असतं.

सोल्डरिंग मी केलं, म्हणजे सुरुवात केली. पहिला टाका कापडावर, दुसरा माझ्या बोटावर, तिसरा रेघेच्या पलीकडे. त्यानं न बोलता सोल्डरिंग आयर्न माझ्या हातातून काढून घेतलं. त्याचे टाके बायकोच्या टाक्यांसारखे, एकसारखे आणि बारीक. मी नुसती सांगायची, तो करायचा. आठव्या दिवशी सर्किट तयार झालं, प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत बसलं आणि गाडीत नवा हॉर्न लागला.

पहिली चाचणी, त्याच्या घरासमोरच. तो ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी हातात घड्याळ घेऊन, बायको फाटकाशी. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. एक, दोन, तीन...

आणि हॉर्न असा बोंबलला म्हणता! तो सीटवरून उडाला, डोकं टपाला आपटलं. माझं घड्याळ खाली पडलं. बायको फाटकातून ओरडतेय, "अहो, मागं जा, मागं जा!" आणि हा डोकं धरून, गुडघा सावरत, वळसा घालून, दार सरकवून शेवटच्या सीटपर्यंत पोचेतो शेजारची निम्मी गल्ली बाहेर आली होती. आयुष्यभर हॉर्न न वाजवलेला माणूस!

"तार चुकली असेल," मी म्हटलं. तारा तपासल्या. बरोबर. पुन्हा केलं. तीन सेकंद. पुन्हा केलं. तीन सेकंद. समोरच्या घरातल्या माणसानं विचारलं, अजून किती वेळा ठरलंय?

मी घरी जाऊन गणित पाच वेळा तपासलं. सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीसच. मला इतका राग आला की सुनेनं वाढलेलं ताट तसंच ठेवून मी उठले. गणित बरोबर असताना उत्तर चुकतं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी तो टेबलाशी बसून त्या डबीकडे बघत होता. बराच वेळ बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका. बादली भरायची वाट हा बघतच नाही वाटतं. तळ ओला झाला की लगेच उठतोय."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगं बाई! सत्तेचाळीस सेकंद लागतात ते बादली जवळजवळ दोन तृतीयांश भरायला. पण ट्रान्झिस्टर जागा होतो पाऊण व्होल्टला. बारा व्होल्टच्या बादलीत पाऊण व्होल्ट म्हणजे नुसती पायाची बोटं भिजली! हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं. पण बादली एका प्रकरणात आणि पहारेकरी दुसऱ्या, त्या दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नव्हती. कशाला घालीन? परीक्षेत कधी एकत्र येत नाहीत ते.

"ह्याला जरा उंचावर झोपवता नाही का येणार?" त्यानं विचारलं. "माळ्यावर? म्हणजे पाणी तिथवर चढायला वेळ लागेल."

मी तडक घरी गेले, ट्रंकेतून जुनं पुस्तक काढलं. सापडलं. झेनर डायोड. ठरावीक व्होल्टेज होईपर्यंत दार घट्ट लावून बसणारा. पहारेकऱ्याच्या आधी हा बसवला की झालं, पहारेकरी माळ्यावर! आणि त्या प्रकरणाच्या वर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं, 'परीक्षेला येत नाही. सोडणे.' एकतीस वर्षं, वर्गामागून वर्ग, मी ते सोडून दिलं होतं. किती मुलींची उत्तरं मी बरोबर म्हणून तपासली आणि त्यांचे हॉर्न तीन सेकंदांत वाजले असते!

झेनर आणायला तो बाजारात गेला. मी टेबलाशी बसले होते, त्याची बायको काज करत होती. मी सहज विचारलं, "काय गं, हा हॉर्नला इतका भितो का?"

"भीत नाहीत हो," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचं मशीन थांबलं. "पूर्वी हे मालाचा ट्रक चालवायचे. हॉर्न होता पाच सुरांचा, लांबून कळायचं की हे आले. एकदा एक म्हातारा हळूहळू रस्ता ओलांडत होता. ह्यांनी लांबूनच हॉर्न दिला. गाडी लागली नाही की काही नाही. पण तो दचकून पडला, खुबा मोडला. रस्त्यावर पन्नास गाड्या होत्या बाई, कुणाचा हॉर्न कुणाला कळतोय? पण हे शोधत त्याच्या घरी गेले आणि सांगितलं, हॉर्न माझा होता. मग तो जिवंत असेपर्यंत दर रविवारी त्याला धरून फिरवायला नेत. तिथूनच ही म्हाताऱ्यांची गाडी धरली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, आणि हा चालत जाऊन सांगून आला होता. आणि मी? दोन पानं लिहिली, रेघा मारल्या, आणि चार ओळी गिळल्या.

ठरवलं, आला की सांगायचं. तो आला, झेनर टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी सकाळी..." त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, त्या रस्त्यातल्या बायकांपुढे उभा राहतो ना तसं. आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या दिवशी सकाळी तू डबीला भोक पाडलंस ते वाकडं आहे." त्यानं मान हलवली आणि भोक सरळ केलं.

चूक झाली म्हणायला माझी जीभ जड. मुलींकडून शंभर वेळा वदवून घेतलं, स्वतः कधी म्हटलं नाही. सवयच नाही, काय करू? आणखी दोनदा ठरवलं, दोन्हीदा चहा पिऊन परत आले. तो मात्र रोज सकाळी तसाच हात पुढे करायचा, "या." त्या हाताचं मला ओझं व्हायला लागलं.

झेनरनं काम केलं. बावन्न सेकंद! तीनदा मोजलं, तीनदा बावन्न. त्याच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. तो हसला. दात दिसतील असा हसलेला मी त्याला प्रथमच पाहत होते.

महिन्याच्या शेवटी समितीची बैठक केंद्राच्या अंगणात भरली. अध्यक्ष, पाच सभासद आणि आम्ही सगळी म्हातारी मंडळी खुर्च्यांवर. प्रात्यक्षिक ठरलं होतं. गाडी उभी करून ड्रायव्हर मुद्दामच मागं न जाता खाली उतरणार आणि गाडीत एक माणूस विसरलेला असणार. विसरलेल्या माणसाचं काम मला दिलं. अनुभव होता ना!

मी शेवटच्या सीटवर बसले. खिडकी उघडी. उजव्या हाताशी ते लाल बटण. त्यानं गाडी अंगणात आणली, किल्ली फिरवली, उतरला आणि जाऊन अध्यक्षांसमोर उभा राहिला. मी मनात मोजायला लागले.

दहापर्यंत सगळे गाडीकडे बघत होते. मग अध्यक्षांना वाटलं, रिकामा वेळ आहे तर बोलून घ्यावं. "यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले, मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, "कौतुक आहे. पण मंडळी, असं यंत्र बसवावं लागतं ह्याचाच अर्थ माणूस विसरतो. ह्यानं स्वतःच ते सिद्ध केलंय. बाईंचा अर्ज आपल्यापुढे आहेच. तेव्हा माझं मत, पुढच्या महिन्यापासून नवी सेवा."

वीस. एकवीस. बघा, म्हणजे हा हॉर्न करून त्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि धोंडा उचलून द्यायला मी होते! तो उभा. मान खाली. बोल ना रे, म्हटलं मनात, आता तरी बोल, सांग की ह्या म्हातारीनं सकाळी नाही म्हणून सांगितलं होतं. तिशी उलटली. तो बोलत नव्हता. सभासद माना डोलवत होते. चाळीस. कुणीतरी अध्यक्षांच्या हातात पेन दिलं. बटण दाबून निमूट उतरले असते तर प्रात्यक्षिक फसलं एवढंच झालं असतं आणि झाकली मूठ तशीच राहिली असती. पन्नास. एक्कावन्न.

हॉर्न सुटला. अंगणातली कबुतरं उडाली, खुर्च्या मागे सरकल्या, अध्यक्षांच्या हातातलं पेन पडलं. सगळे कानांवर हात ठेवून ओरडताहेत, "बंद करा! बंद करा!" आणि मी बटणावर तळहाताची वाटी पालथी धरून, म्हणजे कुणाला ते दाबता येऊ नये असं झाकून, खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडतेय, "आधी माझं ऐका!" कुणाला काय ऐकू जाणार, कप्पाळ! मी बोलतेय आणि हॉर्न माझ्यावर वरचढ होतोय.

तो आला. वळसा घालून, दार सरकवून, गुडघा सावरत, दोन्हीकडच्या सीटा बघत. सवयीनं बघितल्या, माझी शपथ! माझ्यापाशी आला, माझा हात हलकेच उचलून बाजूला केला आणि बटण दाबलं.

हॉर्न एकदम थांबला. मी नाही थांबले. मी त्याच आवाजात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी किंचाळत होते, "चूक माझी होती! मीच त्याला सांगितलं होतं मी येणार नाही म्हणून! मीच न सांगता चढून बसले! त्यानं आठ मोजले आणि आठच उतरवले! मी खोटं लिहिलं!"

मी खिडकीतून डोकं आत घेतलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं.

अध्यक्ष खिडकीशी आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुला हे माहीत होतं?"

मान हलली.

"मग महिनाभर बोलला का नाहीस?"

अठरा वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं आम्ही तेव्हा ऐकलं. "बोललो असतो तर बाई सगळ्यांसमोर खोट्या पडल्या असत्या. आणि मी मागं बघितलं नाही, हे तर खरंच होतं ना. नऊ असोत नाहीतर आठ, मागं बघायला पाहिजे होतं."

अध्यक्षांनी माझा अर्ज घडी घालून माझ्याच हातात दिला. "ह्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, बाई," म्हणाले. मी तो तिथंच फाडला, रेघांसकट. नव्या सेवेचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात राहिली.

सगळे चहाला गेले. मी अजून शेवटच्या सीटवरच. त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला, "उतरा."

मी हात धरला, पण उठले नाही. "मेल्या," म्हटलं, "समितीला नाही तर नाही, मला एकटीला पहिल्याच दिवशी आठवण करून दिली असतीस तर? तुझाही महिना सुखात गेला असता, माझाही."

तो म्हणाला, "तळ ओला झाल्या झाल्या वाजवलं असतं तर तुम्ही मलाच ओरडला असतात, बाई."

ओरडलेच असते. मी उठले आणि त्याचा हात धरून पायरी उतरले.